पिंजऱ्याचे दार उघडण्याआधी

दोन वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली दुपार. वैजापुरात ऊन असे तापले होते की रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नव्हते. जोहरची नमाज झाली, जेवणे उरकली आणि लाइट गेली. घरातले मोठे लोक ओट्यावर सावलीला येऊन बसले. मुले आतल्या खोलीत होती. त्या खोलीच्या कोपऱ्यात एक पिंजरा होता आणि पिंजऱ्यात चार झेब्रा फिंच होते. चिमणीपेक्षाही लहान, राखाडी अंगाचे, लाल चोचीचे.

पंखा बंद आहे हे पाहून आमच्या थोरलीने पिंजऱ्याचे दार उघडले. एकेक करून चारही पक्षी बाहेर आले. पडद्याच्या दांडीवर, कपाटावर, दोरीवरच्या ओढणीवर बसू लागले. मुले टाळ्या वाजवत नव्हती की ओरडत नव्हती, नुसती मान वर करून बघत होती. अर्धा-पाऊण तास हा आनंद चालला. मग लाइट आली. पंख्याचे बटण चालूच राहिले होते, हे कुणाच्याच लक्षात आले नव्हते.

पाते गोल फिरू लागले की ते पक्ष्याला दिसत नाही. आम्ही धावत आत गेलो तेव्हा नारिंगी गालांचा नर फरशीवर पडलेला होता आणि थोरली दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती.

त्या दिवसानंतर आमच्या घरात तीन मते पडली. धाकटा म्हणाला, पिंजरा कधीच उघडायचा नाही. थोरली काहीच बोलेना, जेवेना. आणि आमच्या दादी, ज्या पहिल्या दिवसापासून या पिंजऱ्यावर नाराज होत्या, त्या म्हणाल्या, "छोड दो बेटा इनकू. दुआ देंगे."

बंद ठेवावे, घरात मोकळे सोडावे, की बाहेर उडवून द्यावे? आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज असे पक्षी आहेत. ईदला कुणीतरी भाचा शहरातून पुठ्ठ्याच्या खोक्यात जोडी घेऊन येतो, मुले हट्ट धरतात, आणि पिंजरा खिळ्याला लागतो. आमच्याकडेही ते असेच आले. म्हणून या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना आम्ही जे शिकलो, ते वाचकांसमोर ठेवत आहोत.

हे पाहुणे कुठले?

झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या कोरड्या माळरानावर तो मोठ्या थव्याने राहतो आणि गवताचे बी खातो. वजन जेमतेम बारा ग्रॅम. नराचे गाल नारिंगी, छातीवर काळे पट्टे. मादी साधी राखाडी. गातो तो फक्त नर, आणि गाणे तो आपल्या बापाकडून ऐकून ऐकून शिकतो. म्हणूनच पक्षी गाणे कसे शिकतात हे समजून घेण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत याच पक्ष्याचा अभ्यास होतो. एकदा जोडी जमली की ती बहुधा आयुष्यभर टिकते. आमचा नर गेल्यावर त्याची मादी कित्येक दिवस पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून एकसारखी साद घालत होती. ती कुणाला बोलावत होती, हे घरात कुणालाही सांगावे लागले नाही.

कॅनरी हा आफ्रिकेच्या वायव्येला अटलांटिक महासागरात असलेल्या कॅनरी बेटांवरचा. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि तेव्हापासून तो माणसाच्या घरात पैदास होऊन वाढतो आहे. रानातला कॅनरी हिरवट-तपकिरी असतो. पिवळाधमक रंग हा पिढ्यान्‌पिढ्या निवड करून माणसाने आणलेला. यातही गातो तो नर. तो एकांतप्रिय आहे, त्याला फिंचसारखी गर्दी आवडत नाही.

तिसरा, दुकानात पांढरा किंवा तपकिरी ठिपक्यांचा दिसतो तो बंगाली किंवा सोसायटी फिंच. हा रानात कुठेच सापडत नाही. आशियातल्या पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून तो जपानमध्ये घरोघरी पाळून तयार झाला.

म्हणजे हे तिन्ही पक्षी पिंजऱ्यात जन्मलेल्यांची पिल्ले आहेत. त्यांच्या आजोबा-पणजोबांनीही रान पाहिलेले नाही. दादींच्या प्रश्नाचे उत्तर याच गोष्टीत आहे.

"छोड दो" म्हणणे सोपे

पाखराला आझाद केले की सवाब मिळतो, ही भावना आपल्याकडे जुनी आहे आणि तिच्यामागचे मन चांगले आहे. पण वैजापूरच्या आकाशात सोडलेल्या झेब्रा फिंचला कोणते झाड आपले, कोणते पाणी आपले, मांजर कोण आणि शिक्रा कोण, हे काहीच ठाऊक नसते. त्याला आजवर वाटीत दाणे मिळाले. कावळे त्याला पहिल्या तासातच हेरतात. त्यातून वाचला तर उपासमार. आझादीच्या नावाखाली आपण त्याला मरणाच्या हवाली करतो, फक्त ते मरण आपल्या डोळ्यांआड होते.

याची दुसरी बाजू अधिक काळजीची आहे. बाजारात "सोडण्यासाठी" म्हणून जे पक्षी विकले जातात ते बहुधा आपल्याच शेतातून जाळे लावून पकडलेले असतात: मुनिया, पोपट. आपण चार पक्षी विकत घेऊन सोडले की पारधी दुसऱ्या दिवशी आठ पकडून आणतो, कारण गिऱ्हाईक आहे हे त्याला कळलेले असते. पकडताना आणि वाहून नेताना जे मरतात त्यांचा हिशेब वेगळाच. पक्षीतज्ज्ञ अब्रार अहमद यांनी 'ट्रॅफिक इंडिया' या संस्थेसाठी उत्तर भारतातल्या जिवंत पक्ष्यांच्या व्यापाराचा अभ्यास केला. तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या मुनियांना हिरवा, पिवळा, गुलाबी रंग फासून "विदेशी चिमण्या" म्हणून विकण्याचा प्रकारही आपल्या देशात चालत आला आहे. तो रंग पहिल्या अंघोळीतच उतरू लागतो.

इथे कायदाही स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार आपल्या देशातले रानपक्षी पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. त्यात लाल मुनिया आली, ठिपकेवाली मुनिया आली आणि घरोघरी "मिठ्ठू" म्हणून टांगलेला हिरवा पोपटही आला. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा पंचवीस हजारांवरून एक लाख रुपये झाली. शिवाय तुरुंगवासाची तरतूद आहेच. झेब्रा फिंच आणि कॅनरी हे परदेशी असल्याने त्यांना ही बंदी लागू नाही. मात्र जावा चिमणीसारखे काही परदेशी पक्षी आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, आणि ते पाळणाऱ्याने सरकारकडे नोंदणी करावी असे २०२४ चे नियम सांगतात. घेण्याआधी दुकानदाराला पक्ष्याचे नाव आणि पैदास कुठली ते विचारावे. उत्तर देताना तो चाचरला तर पक्षी घेऊ नये.

हे सगळे दादींना सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग आणलेच कशाला?" या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. पण आणले होते, ही गोष्ट खरी होती, आणि आता ती अमानत होती.

अबू उमैरचा पक्षी

थोरलीला काय सांगावे हे आम्हाला सुचत नव्हते. शेवटी आम्ही तिला एक हदीस सांगितली, जी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकलेली असेल.

हजरत अनस (रजि.) यांचा एक छोटा भाऊ होता, त्याला लाडाने अबू उमैर म्हणत. त्याच्याकडे चिमणीएवढा एक पक्षी होता, नुगैर नावाचा. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) त्यांच्या घरी येत तेव्हा त्या लहानग्याला नावाने हाक मारून, गमतीने यमक जुळवून, त्याच्या पक्ष्याची विचारपूस करीत. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अबू दाऊदच्या संग्रहात असेही येते की तो पक्षी मेला होता, मुलगा उदास बसला होता, आणि प्रेषितांनी (स.) त्याच्या उदासीची दखल घेतली. मोठमोठी कामे डोक्यावर असताना एका पोराच्या मेलेल्या पाखराची चौकशी करायला त्यांना वेळ होता.

या एवढ्याशा प्रसंगावर इब्नुल कास या शाफई विद्वानाने एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि त्यातून साठांहून अधिक मुद्दे काढले. त्यांतला एक असा की लहान मुलाने पक्षी बाळगणे गैर नाही. पण त्याला जोडूनच उलेमा दुसरी हदीस सांगतात: एका बाईने मांजर कोंडून ठेवले, तिला खाऊही घातले नाही आणि स्वतःचे स्वतः शोधून खायला मोकळेही सोडले नाही, आणि त्यापायी ती शिक्षेला पात्र ठरली. दोन्ही हदीस एकत्र वाचल्या की गोष्ट साफ होते. पाळण्याची परवानगी आहे, पण ती हक्क अदा करण्याच्या अटीवर. पक्ष्याचा हक्क म्हणजे दाणा-पाणी एवढेच का? ज्याला पंख दिले आहेत त्याचा उडण्याचा हक्क कोण देणार?

त्या रात्री थोरली जेवली. आणि आम्ही ठरवले की दार पुन्हा उघडायचे, पण आधी खोली तयार करायची.

आधी खोली, मग दार

फिंच आणि कॅनरी वर-खाली नव्हे तर आडवे उडतात. म्हणून उंच, मनोऱ्यासारखा पिंजरा दिसायला कितीही छान असला तरी कामाचा नाही, लांबट हवा. आम्ही जुना पिंजरा काढून तीन फूट लांबीचा करून घेतला. तरीही तीन फुटांत उडणे म्हणजे दोन उड्या. पंखांना खरा व्यायाम मिळतो तो खोलीतच. ज्या घरात तासभरही खोली मोकळी करता येत नाही, तिथे मोठा पिंजरा हवा. आणि तोही जमत नसेल तर पक्षी आणूच नयेत.

आम्ही ज्या क्रमाने खोली तयार केली तो क्रम असा.

*पंखा.* पहिला आणि सगळ्यात मोठा धोका. नुसते बटण बंद करून चालत नाही. कुणीतरी सवयीने दाबतोच. आम्ही त्या खोलीच्या पंख्याचे बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावतो. लाइट गेलेली असताना तर पिंजरा उघडायचाच नाही, हा आमच्या घरचा कायदा झाला आहे.

*काच आणि आरसा.* पक्ष्याला काच म्हणजे मोकळी हवा वाटते. तो पूर्ण वेगाने धडकतो आणि मान मोडते. खिडकीवर पातळ पडदा ओढून घ्यावा, कपाटाच्या आरशावर ओढणी टाकावी. खिडकीला डासांची जाळी असेल तर ती फाटलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे.

*पाणी.* आमच्याकडे पाण्याची टंचाई जुनी, म्हणून घरोघरी भरलेली भांडी. बादली, टब, हंडा, तांब्या, सगळ्यांवर झाकण हवे. बारा ग्रॅमचा जीव तांब्यातसुद्धा बुडतो. न्हाणीघराचे दार बंद.

*स्वयंपाकघर.* हे दार कायम बंद. उकळते तेल, पेटलेला गॅस, गरम तवा ही दिसणारी संकटे. न दिसणारे संकट त्याहून मोठे. नॉनस्टिक भांडे रिकामे तापले की त्याच्या लेपातून जो वायू निघतो त्याने काही मिनिटांत पक्षी मरतात, आणि माणसाला वासही जाणवत नाही.

याचे कारण पक्ष्यांच्या श्वासात आहे. त्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा फुप्फुसातून ताजी हवा जाते. उडायला लागणारा प्राणवायू असाच मिळतो. पण विषही तितक्याच लवकर भिनते. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणीत कामगार कॅनरीचा पिंजरा घेऊन उतरत ते यासाठीच. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा उपाय सुचवला होता. कॅनरी लडखडला की कार्बन मोनॉक्साइड साचला आहे असे समजून माणसे वर पळत. १९८६ मध्ये यंत्रांनी त्यांची जागा घेतली.

तेव्हा आपल्या घरात आपण काय जाळतो ते एकदा मोजून पाहावे. जुमेरातचा लोबान, अगरबत्ती, डासांची कॉइल, झुरळांचा फवारा, अत्तराचा स्प्रे, आणि कुणी ओढत असेल तर सिगारेट. आमच्याकडे लोबान बंद झाला नाही; तो आता पुढच्या खोलीत फिरतो आणि मधले दार बंद असते.

*फटी आणि दोरे.* कपाटामागची फट, कपडे धुण्याच्या यंत्रामागची जागा उशीने किंवा लोडाने बुजवावी. लोंबते दोरे, झालरी, विणकामाचे रुमाल काढावेत. नखे अडकून पाय मुरगळतो. उंदरांचे चिकट सापळे तर त्या खोलीत कधीच नकोत. कण्हेर, डिफेनबॅकिया अशी विषारी झाडे कुंडीत असतील तर ती बाहेर न्यावीत.

*दार.* आतून कडी. बाहेरून पुठ्ठ्यावर लिहिलेली पाटी: "पक्षी मोकळे आहेत." ही पाटी धाकट्याने रंगवली आहे. शेजारच्या भाभी साखर मागायला आल्या तरी पाटी वाचून बाहेरूनच हाक मारतात.

पहिली भरारी

नवीन आणलेला पक्षी लगेच सोडू नये. निदान दोन-तीन आठवडे पिंजऱ्यात राहू द्यावे. दाणे इथे मिळतात, झोप इथे लागते, हे त्याला कळले पाहिजे. तेच त्याचे घर, आणि तेच त्याला परत आणते.

आम्ही वेळ ठरवली ती फज्रनंतरची. हवा गार असते, पंख्याची गरज नसते, मुले शाळेला जायची असतात. खोलीत एकही दाणा सांडलेला नसतो. दाणा-पाणी फक्त पिंजऱ्यात. सकाळची वाटी आम्ही पक्षी बाहेर आल्यावर भरतो. तासाभराने त्यांना भूक लागते आणि ते एकेक करून आपणहून आत जातात. पहिल्या दिवशी तर दार उघडे असूनही ते वीस मिनिटे उंबरठ्यावरच बसले. त्यांना हाकलू नये. पिंजऱ्यात हात घालून बाहेर काढणे तर मुळीच नको.

खोलीच्या दोन टोकांना आम्ही वाळू भरलेल्या कुंड्या ठेवल्या आणि त्यात कडुनिंबाच्या व पेरूच्या फांद्या रोवल्या. बसायला जागा असली की पक्षी पंख्यावर किंवा वायरवर बसत नाहीत. खाली जुने वर्तमानपत्र अंथरले की साफसफाई सोपी होते. विष्ठा ओल्या फडक्याने पुसावी; कोरडी झाडली तर धूळ उडून आपल्याच छातीत जाते. आमची नमाजची जागा दुसऱ्या खोलीत आहे, ती तशीच ठेवली.

जमिनीवर एक उथळ ताटली, बोटभर पाण्याची. फिंचना अंघोळीची भारी हौस. चौघे-पाच जण एका ताटलीत घुसून पंख फडफडवतात तेव्हा आमच्या घरातली सगळी माणसे हातातले काम सोडून बघतात.

एखादा परतलाच नाही तर? पाठलाग करू नये. टॉवेल घेऊन धावले की तो भीतीनेच अर्धा होतो. संध्याकाळ असेल तर मगरिबच्या आधी पिंजऱ्याजवळ उजेड ठेवावा, बाकी खोली मंद करावी. तो उजेडाकडे जातो. अगदीच वेळ आली तर तो कुठे बसला आहे ते हेरून दिवा मालवावा. अंधारात पक्षी जागचा हलत नाही. पातळ सुती फडक्याने अलगद उचलावा. मूठ कधीही आवळू नये. पक्ष्याला श्वास घ्यायला छातीचे हाड पुढे-मागे हलवावे लागते. छाती दाबली गेली की नाक-तोंड मोकळे असूनही तो गुदमरतो. लहान मुलांच्या हातात पक्षी देऊ नये तो यासाठीच.

एक गोष्ट मुलांना आधीच सांगावी: फिंच खांद्यावर बसणार नाही, हातातून दाणा खाईलच असे नाही. तो पोपट नव्हे. त्याच्याशी दोस्ती म्हणजे त्याच्याकडे शांत बसून बघणे.

दाणा, उन्हाळा आणि आजार

दाण्यात कांगणी म्हणजे आपले राळे, बाजरी, वरी. कॅनरीला त्याचे वेगळे लांबट बी मिळते, तेही द्यावे. नुसत्या दाण्यावर ठेवू नये. आठवड्यातून तीन-चारदा स्वच्छ धुतलेली मेथी, पालक किंवा कोथिंबीर, भिजवून मोड आलेली बाजरी, अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा चुरा. पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा कायम अडकवलेला असावा. अंडी घालणाऱ्या मादीला कॅल्शियम त्यातून मिळते. घरटे मात्र उगीच ठेवू नये. झेब्रा फिंचला घरटे दिसले की ती अंडी घालत राहते आणि झिजते. पिल्ले झाली तर ती कुणाला देणार, याचे उत्तर आधी हवे.

कॅनरी आमच्याकडे नंतर आला, खालाच्या घरून. त्याचा पिंजरा वेगळा आणि उडण्याची वेळही वेगळी. हिवाळाभर त्याने घर दणाणून सोडले, आणि पावसाळ्यात एकदम मुका झाला. आम्ही घाबरलो, पण पिसे झडण्याच्या काळात कॅनरी गात नाही, हे नंतर कळले. नवी पिसे आली आणि आवाजही परत आला.

आपल्या भागातला एप्रिल-मे त्यांना जड जातो. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे ही उष्म्याची खूण. पिंजरा पश्चिमेच्या भिंतीपासून हलवावा, खिडकीला ओला पडदा लावावा, पाणी दिवसातून तीनदा बदलावे. कूलरचा झोत थेट अंगावर नको.

फुगून, पिसे फुलवून, दिवसा झोपलेला पक्षी आजारी समजावा. तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांचा हात गाई-म्हशी-शेळ्यांवर बसलेला असतो, बारा ग्रॅमच्या रुग्णाची सवय थोड्यांनाच. म्हणून पक्षी आणण्याआधीच जवळच्या शहरात पक्ष्यांवर उपचार करणारे कोण आहे, ते विचारून ठेवावे. तिथे नेईपर्यंत भोके पाडलेल्या बुटाच्या खोक्यात मऊ कापड घालून, उबेत आणि अंधारात ठेवावे. चोचीत बळेच पाणी ओतू नये.

खिडकीबाहेरचे पक्षी

घरात पक्षी उडू लागल्यावर आमच्या मुलांचे लक्ष खिडकीबाहेर गेले, हा आमच्यासाठी अनपेक्षित फायदा. बाहेरची चिमणी काय खाते, कुठे झोपते, हे ती विचारू लागली.

अशाच एका चिमणीने एका मुस्लिम घरातल्या मुलाचे आयुष्य बदलले होते. डॉ. सलीम अली, जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई. लहानपणी त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांना सांगता येईना, म्हणून त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डसाहेबांनी रागावण्याऐवजी त्याला कपाटे उघडून शेकडो पक्षी दाखवले. त्या मुलाने पुढे साऱ्या देशाला पक्षी ओळखायला शिकवले. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपले वैजापूर तेव्हा त्याच संस्थानात होते. छत्रपती संभाजीनगरमध्ये हिमायत बागेजवळच्या तलावाला आज त्यांचे नाव आहे. मुलांना तिथे न्यावे.

आणखी लांब जायचे तर नांदूर मधमेश्वर. ज्या कालव्याचे पाणी आपल्या तालुक्याला येते, तो कालवा तिथल्या बंधाऱ्यातून निघतो. त्याच बंधाऱ्याच्या पाणथळीला रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिल्यांदा. हिवाळ्यात तिथे परदेशी बदके उतरतात. तिकीट न काढता, पासपोर्ट न घेता आलेले हे पाहुणे पाहिले की धाकट्याने विचारले, "यांना कुणी पिंजऱ्यात घालत नाही ना?" आम्ही सांगितले, यांना पिंजऱ्यात घालायचे नसते.

आणि ज्यांना पाखराला आझाद करण्याचा सवाब हवा आहे, त्यांच्यासाठी साधा उपाय: उन्हाळ्यात गच्चीवर मातीचे परळ भरून ठेवावे, रोज घासून. बाजारातून मुनिया विकत घेऊन सोडण्यापेक्षा ज्या आधीच मोकळ्या आहेत त्यांची तहान भागवावी.

मोजणी

आज आमच्याकडे तीन जुने आणि दोन नवे, असे पाच फिंच आहेत. एकट्या पडलेल्या मादीला नवा जोडीदार मिळाला, पण त्याला स्वीकारायला तिने बराच वेळ घेतला. रोज सकाळी पक्षी बाहेर येण्याआधी खोलीची तपासणी थोरली करते: पंखा, आरसा, बादली, जाळी, कडी. हे काम तिने स्वतः मागून घेतले आहे आणि ते ती दुसऱ्या कुणालाही करू देत नाही.

मोजणी मात्र दादींकडे आहे. त्या पलंगावर तसबीह घेऊन बसतात. पक्षी परतू लागले की तसबीह थांबते आणि त्या मोठ्याने मोजतात. एक, दो, तीन, चार. पाचवा आत गेला आणि पिंजऱ्याचे दार लागले की त्या अल्हम्दुलिल्लाह म्हणतात. त्यानंतरच बटणावरची चिकटपट्टी निघते आणि पंखा सुरू होतो.